दिवाळसणाचे लाल चट्टे

१. पाटावरचा जावई

नरकचतुर्दशीच्या पहाटे माढेकर वकिलांच्या अंगणातून अशी एक किंकाळी उठली, की शुक्रवार पेठेतले फटाकेसुद्धा घटकाभर गप्प झाले. निदान शेजारीपाजारी तरी पुढे बरीच वर्षं असंच सांगत असत.

किंकाळी अंबाक्कांची होती. अंबाक्का म्हणजे वकिलांच्या नव्या जावयाची, गंगाधररावांची आत्या. गंगाधररावांची आई लहानपणीच गेली, वडील घर सोडून गेले, तेव्हापासून या आत्याबाईंनीच त्यांना वाढवलं होतं. वैशाखात गंगाधररावांचं वकिलांच्या धाकट्या पद्मजेशी लग्न झालं. बार्शीच्या शाळेत शिक्षक असलेला हा शांत, लाजाळू जावई पहिल्या दिवाळसणाला सोलापूरला आला, तो आत्याबाईंना बरोबर घेऊनच.

अंगणात पाट मांडला होता. भोवती रांगोळी, दोन्ही बाजूंना समया. जावई पाटावर बसले, सासूबाईंनी, म्हणजे मुक्ताबाईंनी, कुंकू लावलं आणि वासाच्या तेलाची वाटी मुलाच्या, बाळूच्या हातात दिली. पाहुण्याला तेल चोळायचा मान मेहुण्याचा.

"हं, काढा सदरा," बाळू म्हणाला. "आज तुमची सुटका नाही."

गंगाधररावांनी जरा घुटमळतच सदरा काढला, आणि अंबाक्का किंचाळल्या.

दोन्ही दंडांवर, मनगटांवर, मानेवर लालभडक टपोरे चट्टे उठले होते. काही तर ओळीने, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे.

"अगंबाई! हे काय झालं माझ्या पोराला? काय घातलंस रे तेलात?"

"अजून तेल लावलंसुद्धा नाही, आत्याबाई," बाळू वाटी वर धरून म्हणाला.

"कालपासून जरा खाजत होतं," गंगाधरराव खाली बघत पुटपुटले. "सणाच्या घरात कशाला बोलायचं, म्हणून..."

"बार्शीला कधी असं झालं होतं?" अंबाक्कांनी दरडावून विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"मग झालं तर! इथेच कुणीतरी काहीतरी केलंय." अंबाक्कांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. त्यांची नजर बाळूवर येऊन थांबली. "हाच की तो? लग्नात आमच्या भटजींच्या पगडीत बेडूक ठेवणारा?"

बाळूने बेडूक ठेवला होता, ही गोष्ट खरी होती. त्यामुळे त्याने तेलाची वाटी हळूच खाली ठेवली.

२. कोटाच्या खिशातली पुडी

वेणीमाधवराव माढेकर सोलापूरच्या कोर्टात फौजदारी दावे चालवत. साक्षीदाराला घाम फोडायचा त्यांना सराव होता. त्यांनी मुलाला दिवाणखान्यात उभं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुझा कोट कुठे आहे?"

बाळूचा चेहरा पडला.

कोट आणला गेला. आतल्या खिशातून निघाली दोऱ्याने बांधलेली कागदाची एक पुडी. वकिलांनी ती उघडली. आत तपकिरी, मऊ, केसांसारखी कुस होती.

"खाजकुयली!" अंबाक्का दोन पावलं मागे सरकल्या.

"दादा, मी ती आणली, हे खरं," बाळू वडिलांना काकुळतीने म्हणाला. "पण ती जिजाजींसाठी नव्हती. पुण्याला आमच्या मेसचा सेक्रेटरी आहे ना, त्याच्यासाठी होती. पुडी अजून सोडलीसुद्धा नव्हती की! तुम्हीच सोडलीत आत्ता."

"एक पुडी बांधलेली सापडली, याचा अर्थ दुसरी सोडलेली नव्हती असा होत नाही," वकील म्हणाले. कोर्टात हे वाक्य ऐकून कुणीही खूश झालं असतं. घरात मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

अंबाक्कांचा निर्णय झाला होता. "आम्ही आजच्या गाडीने निघतो. पद्मजाही आमच्याबरोबर येईल. आणि जोवर हे कारटं या घरात आहे, तोवर तिचं माहेर बंद."

पद्मजा दाराशी उभी होती. ती पांढरीफटक पडली.

वकिलांनी कपाळावर हात मारला आणि तेही निकाल देऊन मोकळे झाले. "बाळू, तुझं पुणं संपलं. केम गावी आपली जमीन आहे, तिथे जाऊन राहा. शिकून तरी काय दिवे लावणार आहेस?"

एवढ्यात बाहेर टांगा थांबला आणि वकिलांची थोरली मुलगी लीला आत आली. ती पुण्याहून डॉक्टरी शिकून आली होती आणि गावातल्या बायकांच्या दवाखान्यात काम करत होती. रात्री एक अडलेली बाळंतीण सोडवून ती आत्ता घरी येत होती. पायातल्या चपलांसह ती दारातच थांबली.

"काय झालं? सगळ्यांचे चेहरे असे का? मुलगा झालाय, वजन चांगलं आहे, आणि मला चकली हवी आहे."

कुणी हसलं नाही. तेव्हा तिने चपला काढल्या.

सगळं ऐकून झाल्यावर लीलाने गंगाधररावांना उजेडात बसवलं. हात पाहिले, मान पाहिली, मग म्हणाली, "पाठ दाखवा."

पाठ स्वच्छ होती. एकही चट्टा नव्हता.

"रात्री अंगात काय घालता?"

"बंडी. बिनबाह्यांची."

लीलाने त्यांना सदरा परत दिला. मग ती अंबाक्कांकडे वळली. "आत्याबाई, गाडी काही पळून जात नाही. भाऊबिजेपर्यंत थांबा. तोवर हे कुणी केलं ते मी शोधून दाखवते. नाही दाखवलं, तर मी स्वतः पद्मजेला गाडीत बसवून देईन."

"अक्का!" पद्मजा बहिणीवर ओरडली.

अंबाक्कांनी लीलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाईमाणूस डॉक्टर झालेलं त्यांना फारसं पटत नसे. पण खोडी काढणाऱ्याला शिक्षा होताना बघण्याची इच्छा त्याहून मोठी होती.

"थांबते," त्या म्हणाल्या. "पण याला माझ्या डोळ्यांसमोरून हलवा."

३. घरात ढेकूण?

लीलाचा पहिला तर्क अगदी साधा होता, आणि तो बोलून दाखवताच घरात दुसरा स्फोट झाला.

"ढेकूण?" मुक्ताबाई ताडकन उठल्या. "माझ्या घरात? अगं, दसऱ्याला सगळी अंथरुणं गच्चीवर घातली. गादी नव्या कापसाची, परवाच पिंजारी भरून गेला. भिंतींना चुना दिला. आणि तू, पोटची पोर, मला ढेकूण म्हणतेस?"

"तुला नाही गं म्हणत, आई."

"तेच ते!"

तरीही लीलाने खालच्या खोलीतला पलंग उलटा केला. कंदील जवळ घेऊन, डोक्यातला आकडा काढून तिने एकेक सांधा खरवडला. घरात काम करणारी सोजरबाई शेजारी उकळत्या पाण्याची किटली घेऊन पहारा देत होती.

"काय बी न्हाय बघा, ताई," सोजरबाई म्हणाली. "मी कालच सांद्यांत राकेल घातलंया. हितं ढेकूण असंल तर माझं नाव बदला."

खरोखरच काही नव्हतं. एक ढेकूण नाही, अंडं नाही, की कात नाही. लीलाला आपलाच राग आला.

"गंगाधरराव, रात्री खाजलं तेव्हा तुम्ही उजेड केला होता?"

"केला होता की. कंदील मोठा करून सगळी चादर पाहिली. काहीसुद्धा नव्हतं."

"आणि पद्मजा, तुला काही झालं?"

"काहीच नाही." पद्मजेने दोन्ही हात पुढे केले. गोरे, स्वच्छ हात. एकाच पलंगावर, एकाच चादरीवर झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर सगळं आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच नाही.

अंबाक्का दारातून हे ऐकत होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "ढेकूण काय नातं विचारून चावतो? ज्याची खोडी काढायची त्याच्याच बाजूला पूड टाकली."

बोलणं बिनतोड होतं. लीलालाही ते कबूल करावं लागलं.

मग तिने एक प्रयोग ठरवला. जावई आणि पद्मजा यांना वरच्या माडीवर हलवायचं. दुसरा पलंग, दुसरी गादी, ट्रंकेतून काढलेल्या नव्या कोऱ्या चादरी. बाळू रात्री घरातच नको, त्याने त्याचा मित्र सिदू याच्या घरी झोपायचं. बिछाना सोजरबाईने अंबाक्कांच्या समोर घालायचा, आणि मग माडीची किल्ली अंबाक्कांच्या कनवटीला.

"आता पूड टाकायला आभाळातून कोण उतरतंय बघू," अंबाक्का समाधानाने म्हणाल्या.

सामान वर गेलं. जावयाची कपड्यांची पिशवी, पाण्याचा तांब्या आणि त्यांची मोठी लाकडी पेटी. पेटीत शाळेच्या सहामाही परीक्षेचे पेपर आहेत, असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. ते गहाळ झाले तर नोकरी जाईल, म्हणून पेटी कायम कुलूपबंद आणि कायम त्यांच्या उशाशी असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीचं दार उघडलं. गंगाधरराव बाहेर आले. त्यांनी कुणी काही विचारायच्या आत दोन्ही बाह्या वर सारल्या.

कालच्यापेक्षा जास्त चट्टे होते.

४. सोजरबाईने ऐकलेला हुंकार

बाळू सिदूच्या घरून नाचतच आला. "सुटलो! मी नव्हतोच इथे!"

पण एक आरोपी सुटला की अंबाक्कांना दुसरा लागायचाच. "मग बिछाना घालणारी कोण होती?" त्या म्हणाल्या. "परवा मी तिला भांड्यांवरून बोलले, त्याचा राग काढला असेल. हिला आधी घालवा."

सोजरबाई भांडी घासत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि काही न बोलता परसदाराकडे निघाली. लीला तिच्या मागे धावली. सोजरबाई आडाच्या कठड्याशी उभी राहून पदराने तोंड पुसत होती.

"एवढी वरसं झाली, ताई. तुमाला दोगींना मी न्हाऊ घातलंय. मी कुनाच्या हातरुणात घान घालीन व्हय?"

"नाही घालणार. मला ठाऊक आहे, सोजरबाई. म्हणून तर आलेय. मला एक सांग. काल सामान वर नेलं तेव्हा तू होतीस. काही वेगळं दिसलं?"

सोजरबाईने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हसू नका बरं का. ती जावईबापूंची पेटी हाय न्हवं, ती लई जड. कागदं एवढी जड असत्यात व्हय? अन् जिन्यात मी ती जरा तिरपी केली, तर आतनं कुनीतरी हुंकारलं."

"हुंकारलं?"

"व्हय की. म्हातारं मानूस कण्हतंय तसं. मी पेटी सोडूनच दिली असती, पन जावईबापू मागनं धावत आले, अन् त्यांनी ती पोटाशी धरली. लेकरू धरावं तशी."

लीलाने माडीच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग तिने सोजरबाईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "तू आत चल. चहा कर. दोन कप, तुला आणि मला. आणि संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं तरी ऐकू नकोस."

चहा घेऊन लीला माडीवर गेली. तिने पलंगावरची चादर काढून खिडकीपाशी नेली. पांढऱ्या कोऱ्या कापडावर, बारकाईने पाहिलं तरच दिसतील असे रक्ताचे ठिपके होते, आणि शाईत बुडवलेल्या टाकाचं टोक टेकवावं तसे काही काळे ठिपके. गंगाधररावांच्या बाजूला होते. आणि पद्मजेच्या बाजूलाही तितकेच होते.

"अरेच्चा," लीला स्वतःशीच म्हणाली, आणि तिला हसू आलं.

खाली गंगाधरराव ओसरीवर बसले होते. लीला त्यांच्याजवळून जाता जाता सहज म्हणाली, "पेपर तपासायला वेळच मिळाला नसेल ना तुम्हाला? लाल शाई देऊ का? दादांच्या टेबलावर आहे."

"लाल शाई?" गंगाधरराव गोंधळले. "कशाला?"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते कानापर्यंत लाल झाले, आणि यावेळी त्याला चट्टे कारण नव्हते.

५. पेटीत काय आहे?

लीला त्यांच्या शेजारी जोत्यावर बसली.

"गंगाधरराव, मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पण एकदा नीट विचार करा. खालची खोली बदलली, पलंग बदलला, गादी बदलली, चादरी बदलल्या. बाळू घरात नव्हता. बिछाना आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत घातला, किल्लीही त्यांच्याचकडे होती. मग खालून वर काय गेलं, जे बदललं नाही? तुम्ही दोघं, कपडे, पाण्याचा तांब्या आणि ती पेटी. कपडे काल सोजरबाईने उकळून धुतले. तांब्या घरचाच, रोज घासलेला. उरलं काय?"

गंगाधरराव सदऱ्याच्या बाह्या खाली ओढत राहिले.

"तुमच्याकडे असे पेपर आहेत, जे तपासायला शाई लागत नाही. आणि ते जिन्यात हुंकार देतात."

"लीलाताई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आत्याला कळलं तर ती मला घरात ठेवणार नाही."

"का?"

"माझे वडील एका नाटक मंडळीबरोबर निघून गेले. पेटी वाजवायचे ते. परत आले नाहीत. आत्याने मला मांडीवर बसवून शपथ घातली होती, की गाणं-बजावणं या घरात येणार नाही." त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "पण बार्शीत एक मंडळी मोडली. तिचं सामान कित्येक महिने एका वखारीत पडून होतं. ते विकायला काढलं. मी सहज बघायला गेलो. एकच सूर दाबला... आणि घरी घेऊन आलो. पलंगाखाली लपवून ठेवली. पद्मजेला माहीत आहे. दुपारी आत्या देवळात गेली की मी अगदी हळू वाजवतो. ती दाराशी बसून राखण करते. दिवाळीत पेटी मागे ठेवून यायला जीव होईना, म्हणून पेपरांचं निमित्त सांगून बरोबर आणली."

लीलाला आपल्या बहिणीचा मोठा अभिमान वाटला. पण ती म्हणाली, "बाळूचं कॉलेज बंद होतंय. सोजरबाईच्या इतक्या वर्षांच्या इमानावर डाग लागतोय. मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मीच सांगतो," गंगाधरराव म्हणाले. मग उठले, सदरा सारखा केला आणि दिवाणखान्यात गेले. तिथे सगळे बसले होते. वकील, मुक्ताबाई, पद्मजा, बाळू, आणि मध्यभागी तक्क्याला टेकून अंबाक्का.

"आत्या," ते उभ्यानेच म्हणाले, "बाळूने काही केलेलं नाही. सोजरबाईंनीही नाही. जे काही आहे ते माझ्या पेटीत आहे."

"पेटीत? पेटीत तर पेपर आहेत."

"नाहीत."

"मग पेटीत काय आहे?"

गंगाधररावांनी एकदा पद्मजेकडे पाहिलं. "पेटीत पेटी आहे."

बाळू फसकन हसला आणि वडिलांच्या नजरेसरशी थांबला. अंबाक्कांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"तूसुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या.

६. चनबसप्पाचा स्क्रू-ड्रायव्हर

लीलाने चनबसप्पाला आधीच बोलावून ठेवलं होतं. गावातल्या भजनी मंडळींच्या पेट्या दुरुस्त करणारा हा जाडजूड, हसरा माणूस हत्यारांची पिशवी घेऊन गच्चीवर आला. भर दुपारचं ऊन होतं. गच्चीच्या मधोमध पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर ती पेटी ठेवली. काळ्या लाकडाची, हस्तिदंती पट्ट्यांची, जुनी पण देखणी. सगळं घर कठड्याशी दाटीने उभं राहिलं. अंबाक्का मात्र खालीच बसून होत्या.

"अप्पा, लई जुना माल!" चनबसप्पा खूश होऊन वकिलांना म्हणाला. त्याने वरचं झाकण काढलं, पट्ट्या काढल्या. मग भाता सोडवला आणि त्याची एक घडी ताणून उन्हात धरली.

"अय्ययो!"

घडीच्या आतल्या कातड्यावरून लालसर तपकिरी ठिपके पळत सुटले. काही चादरीवर टपटप पडले. मुक्ताबाईंनी पदर नाकाला लावला. पिकल्या, कुबट कोथिंबिरीसारखा गोडसर वास सुटला. पट्ट्यांखालच्या बनातीच्या जाड लोकरी कापडात, स्क्रूच्या भोकांत, जिथे एखादं पोस्टकार्डसुद्धा जेमतेम शिरेल अशा फटींत ते बसले होते. पांढरी, पोकळ कात तर ठायी ठायी होती.

"पण तू तर पलंग उलटून पाहिला होतास," वकील लीलाला म्हणाले. "सांधे खरवडलेस. मग सापडले कसे नाहीत?"

"मी चुकीच्या जागी शोधले, दादा. आपण ढेकूण म्हटलं की पलंग बघतो. पण त्याला पलंग लागतो कुठे? झोपलेला माणूस जवळ असला की पुरे. पोट रिकामं असलं की तो कागदासारखा चपटा होतो आणि कुठल्याही फटीत शिरतो. अंधारात येतो, पोट भरतं की परत जातो. चावतो तेव्हा कळतही नाही. खाज सुटून गंगाधरराव कंदील मोठा करेपर्यंत तो केव्हाच घरी पोहोचलेला असतो."

"आणि बार्शीला?" बाळूने विचारलं. "तिथे चट्टे का नव्हते?"

"तिथेही चावतच होते. पण ज्याला आधी कधी चावलेले नसतात, त्याच्या अंगावर चट्टे उठायला बरेच दिवस लागतात. अंगाला त्याची ओळख व्हावी लागते. ती ओळख नेमकी दिवाळसणात पूर्ण झाली. म्हणून गुन्हा घडला बार्शीत आणि आरोपी सापडला सोलापुरात!"

वकिलांनी मान डोलावली. कोर्टाची हद्द चुकली होती, एवढं त्यांना नक्की कळलं.

"पण मला तर काहीच झालं नाही, अक्का," पद्मजा म्हणाली.

"झालं. तुझ्या बाजूलाही चादरीवर रक्ताचे आणि ढेकणांच्या घाणीचे काळे ठिपके आहेत. तुला यांच्याइतकेच चावले. पण काहींच्या अंगावर खूण उठतच नाही. पुण्याला आमच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही तिघी होतो. एकीचं अंग सुजायचं, मला दोनचार चट्टे यायचे आणि तिसरी म्हणायची, तुमचे सगळे मनाचे खेळ आहेत. ढेकूण तिच्याच उशीत निघाले. तिथेच मी हे शिकले, पुस्तकात नाही. आणि खाजकुयलीचं म्हणाल तर ती गादीवर टाकली असती, तर आधी पाठ सोलून निघाली असती. पाठ स्वच्छ होती. उघडे होते तेवढेच हात आणि मान." मग ती आईकडे वळली. "आणि आई, तुझं घर आरशासारखं असलं तरी त्यांना काही फरक पडत नाही. त्यांना चुना बघायचा नसतो, माणूस बघायचा असतो."

मुक्ताबाईंचा चेहरा फुलला. "हे आधी सांगायचं होतंस की!"

"पण ही पेटी महिनोन्‌महिने वखारीत पडून होती ना?" वकिलांचा शेवटचा उलटतपास. "तिथे ते जगले कशावर?"

"कशावरच नाही. ते कित्येक महिने उपाशी राहू शकतात. म्हणून तर यांच्यावर असे तुटून पडले. त्यांचाही दिवाळसणच झाला म्हणा ना."

यावर मात्र सगळ्यात आधी गंगाधरराव हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बाळू, मग वकील, आणि आडाचं पाणी घेऊन वर आलेली सोजरबाई काय झालं ते न कळताच हसायला लागली.

वकिलांनी हसू आवरलं आणि ते सोजरबाईपुढे गेले. "सोजरबाई, या घरात तुझ्यावर संशय घेतला गेला आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं."

"असूं द्या, मालक. आता ती पेटी आंघोळीला घालायची का काय करायची, ते सांगा."

मग संध्याकाळपर्यंत सगळं घर त्या पेटीवर तुटून पडलं. चनबसप्पाने भाता आणि बनात काढून चुलीत टाकली. बाळूने कोंबडीच्या पिसाने एकेका फटीत टर्पेंटाइन भरलं. सोजरबाईने बाहेरच्या खोक्यावर उकळतं पाणी ओतलं. वकिलांनी पुण्याचा निकाल फिरवला, पण खाजकुयलीची पुडी मात्र परत दिली नाही.

७. अंबाक्का

अंबाक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. खालच्या खोलीत सामान आवरून बसल्या. पद्मजा ताट घेऊन गेली, ते तसंच परत आलं.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी चनबसप्पा नवा भाता बसवून पेटी घेऊन आला. दुपार होती. लांबून मिलचा भोंगा ऐकू आला आणि थांबला. गंगाधरराव पेटीपुढे बसले, पण हात पुढे करेनात.

"आत्याला विचारल्याशिवाय नको," ते म्हणाले. "इतके दिवस चोरून वाजवली. आता चोरून नाही."

ते उठून खालच्या खोलीच्या दाराशी गेले. बाकीचे ओसरीवर कान देऊन बसले.

"आत्या, मी तुझी शपथ मोडली. तू म्हणशील तर पेटी इथेच ठेवतो, आणि पुन्हा हात लावत नाही. पण मी बाबांसारखा जाणार नाही. मला कुठे जायचंच नाही. मला फक्त शाळेतून घरी यायचं आणि वाजवायचं आहे."

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. मग पाटल्या वाजल्या. अंबाक्का बाहेर आल्या. वाटेत बाळू दिसला तशा थांबल्या. "तुझ्यावर आळ घेतला रे मी," त्या म्हणाल्या. "पण बेडूक तूच ठेवला होतास."

"हो, आत्याबाई."

"भटजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं," अंबाक्का म्हणाल्या आणि जाऊन पेटीसमोर बसल्या. "वाजव."

गंगाधररावांनी एक जुनं पद धरलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीवर अंबाक्कांनी हात वर केला.

"चुकतोस. तिथे गांधार कोमल आहे. तुझा बाप मागच्या खोलीत हेच वाजवायचा आणि मी दार लावून गायची. आमच्या आईला कळलं असतं तर दोघांनाही हाकललं असतं."

"तू गायचीस?" गंगाधररावांचे हात पट्ट्यांवरच थांबले.

"मग काय तो एकटाच? तो गेला आणि सूरही घेऊन गेला, असं मला वाटलं होतं." अंबाक्कांनी पदर सारखा केला. "बघतोस काय? पुन्हा घे. सुरुवातीपासून."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. अंबाक्कांचा आवाज आधी अडखळला, खरखरला, आणि मग मोकळा झाला. मुक्ताबाई हातातली पळी तशीच धरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पलीकडच्या घरातल्या बायका गच्चीच्या कठड्याशी जमा झाल्या. पद संपलं, पण अंबाक्का थांबल्या नाहीत. त्यांनी लगेच दुसरं धरलं.